अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधली ड्रग टेस्ट नेमकं काय पकडते?

डिसेंबर २०१८. क्लेमसन विद्यापीठाचा फुटबॉल संघ राष्ट्रीय अजिंक्यपदापासून दोन सामने दूर होता, आणि नेमक्या त्याच वेळी प्रशिक्षक डॅबो स्वीनी यांना जाहीर करावं लागलं की संघातल्या तिघांच्या लघवीच्या नमुन्यात ऑस्टरिन नावाचं बंदी असलेलं द्रव्य सापडलं आहे. तिघांपैकी एक होता डेक्स्टर लॉरेन्स. दीडशे किलोंच्या वरचा बचावपटू, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणला जाणारा. सापडलेला अंश अगदी सूक्ष्म होता. आपण असलं काही घेतलंच नाही, ते कशातून तरी नकळत पोटात गेलं असणार, अशी खेळाडूंची बाजू होती. नियमात या बाजूला फारशी जागा नाही. तिघंही बाहेर बसले. क्लेमसनने नोटर डेमला ३०-३ आणि अलाबामाला ४४-१६ असं हरवून अजिंक्यपद जिंकलंच.

पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. लॉरेन्स चार महिन्यांनी पहिल्या फेरीत न्यूयॉर्क जायंट्सकडे निवडला गेला आणि व्यावसायिक खेळाडू झाला. कॉलेजची बंदी कॉलेजातच राहिली. व्यावसायिक लीगची दारं इतक्या लवकर ज्यांना उघडणार नव्हती, त्या उरलेल्या दोघांचा मात्र पुढच्या वर्षीचा नियमित हंगाम गेला. द्रव्य एक, नियम एक, शिक्षा कागदावर एक, आणि प्रत्यक्षात झळ लागली ती कमी नावाजलेल्यांना.

या चाचणीबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, आणि जे येतं त्यात सगळा गोंधळ एकाच टोपलीत असतो: स्टेरॉइड, गांजा, वेदनाशामक, प्रोटीन पावडर. गंमत म्हणजे अमेरिकेतही कित्येक वर्षं तसंच चाललं होतं.

खेळ कुठला, शरीर कसलं

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात धरून, समोरच्याला आडवं पाडत खेळायचा. वरच्या विभागात सव्वाशेहून जास्त विद्यापीठांचे संघ आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांवर प्रेक्षक बसतात, आणि शरद ऋतूतल्या शनिवारी ते भरतं. या खेळात वजन हे भांडवल असतं. आघाडीच्या फळीत उभं राहायचं तर १३० ते १४० किलो ही साधी गोष्ट मानली जाते, आणि शाळेतून येणारा अठरा वर्षांचा मुलगा बहुतेक वेळा तिथे पोचलेला नसतो. पहिल्या वर्षी त्याच्या हातात आहाराचा तक्ता ठेवतात आणि अमुक महिन्यांत अमुक वजन हवं असं सांगतात. व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाचा शब्द तिथे मोठा असतो.

मग द्रव्यांचे प्रकार आपोआप पडतात. स्नायू वाढवणारी: ॲनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉनची भावंडं, आणि आता सार्म नावाचा नवा वर्ग, ज्यात ऑस्टरिन मोडतं. थकवा घालवून लक्ष एकाग्र करणारी: ॲडेरॉलसारखी ॲम्फेटामिन वर्गातली औषधं. मजेसाठी किंवा ताण उतरवण्यासाठी घेतलेली: गांजा, कोकेन. आणि चौथा प्रकार, ज्याची चर्चा सगळ्यांत कमी होते: दुखणं दाबून खेळता यावं म्हणून संघाचे डॉक्टरच देतात ती औषधं.

ऑस्टरिनची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. कर्करोगाच्या रुग्णांचे स्नायू झिजतात, ते थांबवता येतील का, यासाठी हे द्रव्य तपासलं जात होतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएने, त्याला कधीच मान्यता दिली नाही. तरी ते ‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांतून इंटरनेटवर सर्रास विकलं जातं, आणि लेबलवर नाव नसताना पूरक आहारातही सापडतं. १९९४ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे पूरक आहार बाजारात आणण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही. गोळी आधी विकली जाते, तक्रार आली तर तपासणी नंतर. खेळाडू नेहमी खोटं बोलतात असं मानणाऱ्यांनी हा कायदा ध्यानात घ्यावा. आणि खेळाडू नेहमी खरं बोलतात असं मानणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की पकडला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण पूरक आहाराकडेच बोट दाखवतो.

१९८६

कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिने जानेवारी १९८६ मध्ये चाचण्यांची योजना मंजूर केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मेरिलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू लेन बायस बोस्टन सेल्टिक्सकडे निवडला गेला आणि दोनच दिवसांनी कोकेनमुळे मरण पावला. चाचणीची योजना त्याच्या मृत्यूमुळे आली असं अनेकदा लिहिलं जातं. ती आधीच ठरली होती. बायसच्या मृत्यूने एवढं केलं की तिच्या विरोधात बोलणं अवघड झालं.

हंगाम संपल्यावर जे मानाचे सामने होतात त्यांना बोल सामने म्हणतात. त्यांच्याआधी त्या वर्षी पहिल्यांदा फुटबॉलपटूंचे नमुने घेतले गेले. ओक्लाहोमाचा ब्रायन बोसवर्थ हा तेव्हाचा सगळ्यांत गाजलेला लाइनबॅकर, म्हणजे आघाडीच्या फळीमागे उभा राहणारा बचावपटू. त्याच्या जागेवर खेळणाऱ्या देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा बटकस पुरस्कार सलग दोन वर्षं त्यानेच पटकावलेला. तो स्टेरॉइडमध्ये सापडला. दुखापतीसाठी डॉक्टरांनी दिलं होतं, असं तो म्हणाला. १ जानेवारी १९८७ च्या ऑरेंज बोलमध्ये त्याला खेळू दिलं नाही, तर तो मैदानाच्या कडेला टी-शर्ट घालून उभा राहिला, आणि त्यावर एनसीएए या अक्षरांचा अर्थ ‘खेळाडूंच्या विरोधातले राष्ट्रीय कम्युनिस्ट’ असा लावलेला होता. शीतयुद्धाच्या काळातली अमेरिका, म्हणजे ही शिवी किती जहाल होती याचा अंदाज यावा. त्यानंतर प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांनी त्याला संघात ठेवलं नाही.

बोसवर्थचं प्रकरण तमाशा म्हणून लक्षात राहिलं. दुसरं प्रकरण काळजाला हात घालणारं होतं. साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा बचावपटू टॉमी चेकिन याने ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकात आपली हकीकत सांगितली: वर्षानुवर्षं घेतलेली इंजेक्शनं, अंगात भिनलेला राग, भीतीचे झटके, आणि शेवटी वसतिगृहाच्या खोलीत हनुवटीखाली भरलेलं पिस्तूल लावून बसलेला तो. संघातले अंदाजे निम्मे खेळाडू स्टेरॉइड घेत होते, असा त्याचा हिशोब होता. चौकशी झाली, १९८९ मध्ये चार प्रशिक्षकांवर आरोपपत्र दाखल झालं आणि त्यांतल्या तिघांनी गुन्हा कबूल केला. म्हणजे द्रव्य बाहेरून चोरून आलं नव्हतं. ज्यांनी थांबवायचं त्यांना ते माहीत होतं.

१९९० मध्ये दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेच्या काँग्रेसने ॲनाबॉलिक स्टेरॉइड नियंत्रित पदार्थांच्या यादीत घातली, आणि एनसीएएने वरच्या विभागातल्या फुटबॉलसाठी वर्षभर चालणाऱ्या चाचण्या सुरू केल्या. फक्त बोल सामन्यांच्या वेळी तपासणं म्हणजे खेळाडूला तारीख आधीच सांगून ठेवणं होतं. स्टेरॉइडचा उपयोग सामन्याच्या दिवशी नसतो, तो उन्हाळ्यात वजनं उचलताना असतो.

नमुना घेतात तेव्हा

दरवर्षी हंगामाआधी प्रत्येक खेळाडू संमतिपत्रावर सही करतो. सही नाही, तर खेळ नाही. एनसीएएच्या वतीने नमुने गोळा करण्याचं काम ड्रग फ्री स्पोर्ट ही कॅन्सस सिटीची कंपनी करते. ती विद्यापीठाला थोडे आधी कळवते, संघातली काही नावं निवडली जातात, आणि खेळाडूला ठरल्या वेळी हजर व्हावं लागतं. लघवी करताना त्याच लिंगाचा कर्मचारी समोर उभा राहून पाहतो. हे ऐकायला अघोरी वाटतं, पण दुसऱ्याची स्वच्छ लघवी पिशवीत लपवून आणण्याचे प्रकार झाल्यामुळेच ही पद्धत आली. नमुना फार पातळ असेल, म्हणजे पाणी ढोसून आलेला असेल, तर तो चालत नाही, पुन्हा द्यायचा. मग तो दोन बाटल्यांत विभागून मोहोरबंद करतात. ‘अ’ बाटलीत काही सापडलं तर ‘ब’ उघडतात. चाचणीला न येणं हे सापडण्याइतकंच धरलं जातं, आणि नमुन्यात फेरफार केला तर शिक्षा आणखी वाढते.

प्रयोगशाळेत काय होतं? शरीराला परकी असलेली द्रव्यं, म्हणजे ऑस्टरिन किंवा कृत्रिम स्टेरॉइड, शोधणं त्या मानाने सरळ आहे. ती शरीरात असायलाच नकोत. सापडली की सापडली. उपकरणं आता इतकी संवेदनशील झाली आहेत की मिलिलिटरमधला ग्रॅमचा अब्जांश भाग तर दिसतोच, त्याहूनही कमी दिसतो. क्लेमसनसारखी प्रकरणं यातूनच उभी राहतात: घेतलेला डोस आणि भेसळीतून आलेला कण, दोन्ही निकालपत्रात ‘आढळलं’ याच एका शब्दाने येतात.

खरी डोकेदुखी टेस्टोस्टेरॉनची. ते प्रत्येक पुरुषाच्या शरीरात असतंच, मग बाहेरून घेतलेलं ओळखायचं कसं? शरीर टेस्टोस्टेरॉनबरोबर एपिटेस्टोस्टेरॉन नावाचं त्याचं निरुपयोगी भावंडही बनवतं. बहुतेकांच्या लघवीत दोघांचं प्रमाण जवळपास एकास एक असतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की एकच बाजू फुगते. जागतिक उत्तेजक विरोधी संस्था, म्हणजे वाडा, हे गुणोत्तर चारच्या वर गेलं की संशय घेते. पण माणसं सारखी नसतात. एका विशिष्ट जनुकाच्या दोन्ही प्रती नसलेल्या लोकांच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन मुळातच फार कमी उतरतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की अशा पुरुषांना ५०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिल्यावरही त्यांतले साधारण चाळीस टक्के चारच्या मर्यादेला पोचलेच नाहीत. पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत ही जनुकीय ठेवण खूप आढळते.

म्हणून दुसरी, जास्त सूक्ष्म तपासणी असते. औषध कंपन्या टेस्टोस्टेरॉन बनवतात ते सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या स्टेरॉलपासून. अशा वनस्पतींच्या कार्बनमध्ये जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३ चं प्रमाण जरा कमी असतं. माणूस मात्र मका, ऊस, मांस असं सगळं मिळून खातो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या टेस्टोस्टेरॉनमधला कार्बन थोडा वेगळा असतो. रेणू तोच, पण कार्बनवरून त्याचं माहेर कळतं. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. फक्त ती महाग आहे, आणि सरसकट प्रत्येक नमुन्यावर होत नाही.

मग फटी कुठे राहतात? वाढीचं हार्मोन, म्हणजे एचजीएच, बंदीच्या यादीत आहे, पण ते पकडायला रक्त लागतं, आणि एनसीएएची चाचणी लघवीची. व्यावसायिक लीग, एनएफएलने, २०१४ मध्ये त्यासाठी रक्ततपासणी सुरू केली. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावलं तर ते थोड्या दिवसांत निवळतं. याउलट नँड्रोलोनसारख्या जुन्या तेलकट इंजेक्शनांच्या खुणा महिनोन्‌महिने राहतात. नाकाबंदी कुठल्या चौकात आहे हे कळलं की हेल्मेट नसलेला मागच्या गल्लीने जातो; जाळ्यात येतो तो नवखा, बेफिकीर, किंवा खरोखर अजाण.

२०१२ च्या डिसेंबरात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दुसऱ्या टोकाकडून पाहिलं. त्यांनी लघवी सोडून वजनं तपासली. विद्यापीठं खेळाडूंची वजनं दरवर्षी स्वतःच छापतात. तशा हजारो नोंदी त्यांनी लावून पाहिल्या. एका वर्षात वीस पौंडांहून, म्हणजे नऊ किलोंहून जास्त वजन वाढलेले खेळाडू शेकड्याला सातच्या आसपास निघाले. चाचण्यांत स्टेरॉइडसाठी सापडणारे मात्र शेकड्याला एकही नाही. वजन वाढलं म्हणजे औषध घेतलं असं सिद्ध होत नाही, हे त्या बातमीतही होतं. अठरा वर्षांचा पोरगा दिवसातून पाच वेळा जेवला तर फुगणारच. तरीही दोन आकड्यांमधली दरी विचार करायला लावते.

एकाच नावाच्या दोन चाचण्या

बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी की कॉलेज फुटबॉलमध्ये दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एक एनसीएएची, दुसरी प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची.

एनसीएएची वर्षभरातली चाचणी मुख्यतः स्नायू वाढवणारी द्रव्यं, हार्मोनं आणि ती लपवणारी औषधं शोधते. उत्तेजक गोळ्या ती हंगामाअखेरच्या सामन्यांच्या वेळी शोधते, आणि २०२४ पर्यंत गांजाही तेव्हाच शोधायची. कामगिरी वाढवणाऱ्या द्रव्यात पहिल्यांदा सापडलं तर वर्षभर खेळ बंद, आणि खेळण्यासाठी मिळणाऱ्या मोजक्या हंगामांतला एक वजा. दुसऱ्यांदा सापडलं तर कॉलेजमधला खेळ कायमचा संपला. अपील करता येतं, पण ते विद्यापीठामार्फत.

फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, विल ग्रीअर हे याचं गाजलेलं उदाहरण. ऑक्टोबर २०१५ मध्ये संघ अपराजित असताना त्याला वर्षभराची बंदी आली. दुकानात मिळणारा पूरक आहार घेताना विद्यापीठाच्या वैद्यकीय लोकांना विचारलं नाही, अशी कबुली त्याने पत्रकारांपुढे दिली. पुढे तो वेस्ट व्हर्जिनियाकडून खेळला आणि २०१९ मध्ये कॅरोलायना पँथर्सने त्याला घेतलं.

विद्यापीठाची चाचणी वेगळ्या जातीची. ती ठेवायचीच असा नियम नाही. ठेवली तर तिचे नियम आणि शिक्षा विद्यापीठाने ठरवायच्या. बहुतेक ठिकाणी तिचा रोख नशेच्या पदार्थांवर असतो, कारण गांजाची चाचणी स्वस्त आणि स्टेरॉइडची कैकपटीने महाग. त्यामुळे एका राज्यात तिसऱ्यांदा सापडल्यावर सामना हुकतो, दुसऱ्या राज्यात दुसऱ्यांदाच. लुइझियाना स्टेटचा टायरन मॅथ्यू २०११ मध्ये देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरवणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. ऑगस्ट २०१२ मध्ये चाचण्यांमध्ये वारंवार सापडल्यामुळे संघाबाहेर फेकला गेला. त्याच्या बाबतीत प्रश्न गांजाचा होता, स्नायूंचा नव्हता. पुढे तो एनएफएलमध्ये नामांकित बचावपटू झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सकडून सुपर बोल जिंकला.

स्वतःच केलेले नियम विद्यापीठं पाळतात का? नेहमी नाही. सिरॅक्यूज विद्यापीठाने वर्षानुवर्षं आपलंच चाचणी धोरण पाळलं नव्हतं; २०१५ मध्ये एनसीएएने त्यांच्यावर केलेल्या कारवाईत हा एक आरोप होता. प्रकरण प्रामुख्याने बास्केटबॉलचं, पण दुखणं सगळीकडचं. ज्याला सामना जिंकायचा आहे त्यालाच आपला खेळाडू पकडायचा आहे.

भारतात हे दृश्य आपण पाहिलेलं आहे. बीसीसीआय वर्षानुवर्षं राष्ट्रीय यंत्रणेला, म्हणजे नाडाला, क्रिकेटपटूंजवळ फिरकू देत नव्हती. चाचण्या स्वतःच करायची. मुंबईचा पृथ्वी शॉ २०१९ मध्ये टर्ब्युटलिनसाठी सापडला, खोकल्याच्या औषधातून गेलं हे मंडळाने मान्य केलं, आणि आठ महिन्यांची बंदी घातली तीही मंडळानेच, मागल्या तारखेपासून. त्यानंतर महिन्याच्या आत बीसीसीआय नाडाच्या छत्राखाली आली. एनसीएए आजही वाडाच्या चौकटीबाहेर आपली वेगळी चूल मांडून आहे.

गांजाचं काय झालं

एनसीएए दर काही वर्षांनी खेळाडूंचं निनावी सर्वेक्षण करते. त्यात वर्षभरात गांजा ओढल्याचं सांगणारे साधारण चौथा हिस्सा असतात. दारू पिणारे कितीतरी जास्त, स्टेरॉइड घेतल्याचं सांगणारे नगण्य. दारू तपासली जात नव्हती. गांजाने कोणी जास्त वेगाने पळत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तरी २०१४ पर्यंत गांजासाठी शिक्षा स्टेरॉइडइतकीच होती: पूर्ण वर्ष.

त्या वर्षी मिशिगनचा बास्केटबॉलपटू मिच मॅकगॅरी पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे खेळतही नव्हता. संघाबरोबर होता एवढंच. मार्चमध्ये त्याचा नमुना घेतला, गांजा सापडला, वर्षाची बंदी आली. एनसीएएने शिक्षा अर्ध्या हंगामावर आणली ती त्यानंतर काही आठवड्यांतच, आणि मागच्या प्रकरणांना ती सवलत मिळाली नाही. तो कॉलेज सोडून व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेला.

दरम्यान एकामागून एक राज्यं गांजा कायदेशीर करत होती. कोलोरॅडोत एकवीस वर्षांचा खेळाडू दुकानातून उघडपणे विकत घेऊ शकत होता आणि त्याच गोष्टीसाठी बोल सामना गमावू शकत होता. एनएफएलने २०२० मध्ये गांजासाठी निलंबन बंद केलं. एनसीएएने २०२२ मध्ये लघवीतली मर्यादा मिलिलिटरला ३५ नॅनोग्रॅमवरून १५० वर नेली, आणि जून २०२४ मध्ये वरच्या विभागासाठी गांजा यादीतून काढूनच टाकला. खेळातल्या न्यायाशी त्याचा संबंध नाही, तो आरोग्याचा प्रश्न आहे, असा पवित्रा त्यांनी घेतला. अडतीस वर्षांनी. मधल्या काळात ज्यांचे हंगाम गेले त्यांना कोणी पत्र पाठवलेलं नाही.

सही कोणाची, मर्जी कोणाची

हे सगळं कायद्यात बसतं का, यावर दोन राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी जवळपास एकाच वेळी उलट निकाल दिले.

कोलोरॅडोत १९९३ मध्ये न्यायालयाने राज्य विद्यापीठाची संशयाविना केली जाणारी चाचणी घटनाबाह्य ठरवली. सरकारी विद्यापीठ म्हणजे सरकार, आणि सरकारला कारणाशिवाय नागरिकाची झडती घेता येत नाही. विद्यापीठ म्हणालं, मुलांनी सही केली आहे. न्यायालय म्हणालं, सही नाही तर खेळ नाही अशी अट घातली असेल, तर ती सही मर्जीची कशी म्हणायची?

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डचे दोन खेळाडू एनसीएएविरुद्ध लढत होते: सॉकर संघाची कर्णधार जेनिफर हिल आणि फुटबॉलचा लाइनबॅकर बॅरी मॅकीव्हर. खालच्या न्यायालयांत ते जिंकले. १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. खेळाडू एकमेकांसमोर कपडे बदलतात, त्यांची वैद्यकीय तपासणी सतत होते, तेव्हा खाजगीपणाची त्यांची अपेक्षा मुळातच कमी असते, आणि स्पर्धा निकोप ठेवण्याचं एनसीएएचं कारण पुरेसं आहे, असं न्यायालयाने मानलं. एनसीएए खाजगी संस्था आहे, सरकार नाही, हे तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच टार्केनियन खटल्यात सांगितलं होतं. देशभर चाललं ते कॅलिफोर्नियाचंच सूत्र.

मला कोलोरॅडोचा प्रश्न जास्त खरा वाटतो. एनएफएलमध्येही चाचणी आहे, आणि काही बाबतींत ती अधिक कडक आहे. पण तिथे यादी, मर्यादा, शिक्षा, अपील, सगळं खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरतं. गांजाची शिक्षा तिथे सैल झाली ती कराराच्या टेबलावर. कॉलेजच्या खेळाडूला असं टेबलच नाही. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी संघटना करायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय श्रम मंडळाने या प्रकरणात पडायला नकार दिला.

आणि मग तो चौथा प्रकार. केटोरोलॅक, व्यापारी नाव टोराडॉल, हे सामन्याआधी टोचायचं जोरदार वेदनाशामक. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी असलेलं हे औषध पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ नये, पोटात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, असा ठळक इशारा त्याच्या वेष्टनावर असतो. कॉलेज फुटबॉलमध्ये ते वापरलं गेलं आहे, आणि ते बंदीच्या यादीत नाही. म्हणजे दुखऱ्या घोट्याने रात्री गांजा ओढणारा मुलगा २०२४ पर्यंत दोषी होता, आणि त्याच घोट्यासाठी सुई घेऊन मैदानात उतरणारा संघनिष्ठ. चाचणीच्या समर्थनात खेळाडूंच्या आरोग्याचं कारण नेहमी पुढे केलं जातं. यादी वाचली की ते कारण कुठवर पोचतं ते दिसतं.

मराठी घरांसाठी थोडं

अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं कॉलेज फुटबॉलमध्ये विरळाच, पण टेनिस, पोहणं, धावणं, गोल्फ यांत विद्यापीठाकडून खेळणारी असतात, आणि बंदीची यादी सगळ्या खेळांना हीच लागू असते. भारतातून पाठवलेला काढा, चूर्ण किंवा ‘ताकदीची’ गोळी हा पूरक आहारच धरला जातो, आणि त्यात काय आहे हे लेबलवरून कळेलच असं नाही. एनसीएए कुठल्याही पूरक आहाराला ‘चालेल’ असं प्रमाणपत्र देत नाही. एकाग्रतेच्या विकारासाठी मुलगा ॲडेरॉलसारखं औषध घेत असेल तर निदानाचे कागद विद्यापीठाच्या फाइलीत आधीपासून असावे लागतात. सापडल्यावर धावाधाव करून ते जमवणं अवघड जातं. कॅफिन वाडाने २००४ मध्ये बंदीच्या यादीतून काढलं, एनसीएएच्या यादीत मात्र ते अजून आहे. सकाळच्या दोन कप कॉफीने काही होत नाही, व्यायामाआधी घ्यायच्या पावडरी आणि गोळ्या एकावर एक घेतल्या तर होऊ शकतं. गोळी तोंडात टाकण्याआधी संघाच्या ॲथलेटिक ट्रेनरला विचारायचं आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यायचं.

२०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. त्या पैशांवर नजर ठेवायला नवा आयोग उभा राहिला. चाचणी एनसीएएकडेच राहिली, आणि तिचं संमतिपत्र अजून जुन्याच अटीवर सही मागतं.